मुलगी फ्लाइंग ऑफिसर, मुलगा कॉर्पोरल: लग्न करता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ वायुसेनेत कॉर्पोरल, म्हणजे अधिकारी नसलेला सैनिक (एअरमन), आहे. त्याची शाळेपासूनची मैत्रीण गेल्या वर्षी कमिशन घेऊन फ्लाइंग ऑफिसर, म्हणजे अधिकारी, झाली आणि आता नागपूरबाहेर एकाच स्टेशनवर दोघांचं पोस्टिंग आहे. दोघांना लग्न करायचं आहे. तुमचे बाबा कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं, अधिकाऱ्याशी सूत जुळवलं तर कोर्ट मार्शल ठरलेलं, पोराची नोकरी जाणार. त्यात तुम्ही कुठेतरी वाचलंत की अशा संबंधाला दोन वर्षांची कैद आहे.

आधी ती दोन वर्षांची कैद डोक्यातून काढा. ती तरतूद अमेरिकेची आहे. तिथे अधिकाऱ्याने सैनिकाशी बरोबरीच्या नात्याने सलगी करणं हा लष्करी कायद्यात स्वतंत्र नाव असलेला गुन्हा आहे आणि त्याला बडतर्फी, वेतनजप्ती व जास्तीत जास्त दोन वर्षं कैद अशी शिक्षा आहे. ब्रिटनने 2000 सालापासून वेगळा रस्ता धरला: त्या वागण्याने दलाच्या कार्यक्षमतेला बाधा आली का किंवा येण्याची शक्यता आहे का, ही कसोटी. तुमच्या भावाला यातलं काहीच लागू नाही. त्याला लागू आहे एअर फोर्स ॲक्ट, 1950, आणि त्या कायद्यात 'अधिकारी आणि एअरमन यांचे प्रेमसंबंध' नावाचा गुन्हा कुठेही लिहिलेला नाही. त्यांचं लग्न बेकायदेशीर ठरवणारं कलमही त्यात नाही.

पण म्हणून मोकळं रान आहे असं समजू नका. गुन्ह्याचं नाव नसलं तरी तो बसवता येईल अशी कलमं आहेत. कलम 45 अशोभनीय वर्तनाचं आहे. ते अधिकाऱ्याला आणि त्याच्या लगेच खालच्या वॉरंट ऑफिसरला लागू होतं, कॉर्पोरल किंवा सार्जंटला नाही. दोष सिद्ध झाला तर अधिकाऱ्याला थेट कॅशियर करता येतं, म्हणजे अपमानास्पद बडतर्फी. कलम 65 सगळ्यांना लागू आहे: जे कृत्य कायद्यात वेगळं नमूद नाही, पण सुव्यवस्थेला आणि शिस्तीला बाधक आहे, ते इथे येतं. कमाल शिक्षा सात वर्षं. हा आकडा वाचून घाबरू नका. हे कलम शिस्तभंगाच्या बाकी सगळ्या प्रकारांसाठी ठेवलेलं आहे, म्हणून कमाल मर्यादा इतकी वर आहे. तिसरं कलम 47, हाताखालच्या माणसाला वाईट वागणूक देण्याबद्दलचं. संबंध बिघडल्यावर तक्रार झाली तर ते पुढे येऊ शकतं. लष्करात हीच रचना आर्मी ॲक्टच्या कलम 45, 63 आणि 47 मध्ये आहे.

यातून बाबांना एक गोष्ट समजावून सांगा. त्यांना वाटतं, पहिला बळी पोराचा जाईल. कायद्याचा झुकाव उलटा आहे. ज्याच्याकडे अधिकार जास्त, त्याची जबाबदारी जास्त. अधिक जपायचं आहे ते त्या मुलीला, कारण कलम 45 तिच्यावर आहे आणि कमिशनही तिचंच पणाला लागतं.

आता खरा प्रश्न. तुम्ही स्टेशन एकच आहे हे लिहिलंत, पण सेक्शन एकच आहे का, हे लिहिलं नाहीत. सगळं उत्तर यावर अवलंबून आहे.

दिवाळीच्या रजेचं उदाहरण घ्या. सेक्शनमध्ये पाच कॉर्पोरल, रजेवर सोडता येतील दोन. पाचही अर्ज एका टेबलावर येतात आणि शिफारशीच्या रकान्यात अधिकाऱ्याची सही लागते. त्या टेबलावर ही मुलगी बसली असेल आणि तुमच्या भावाला रजा मिळाली, तर उरलेल्या तिघांच्या मनात काय येईल ते सांगायला नको. ती रजा त्याच्या हक्काची असली, त्याचाच नंबर असला, तरी. आणि तिने मुद्दाम कठोर होऊन त्याची रजा कापली, तर अन्याय त्याच्यावर. म्हणजे तिने काहीही केलं तरी त्या सहीची किंमत गेलेली असते. हेच वार्षिक मूल्यांकनाचं, हेच रात्रपाळीच्या यादीचं, हेच कोणाला चार्जवर घ्यायचं, म्हणजे कोणावर शिस्तभंगाचा आरोप ठेवायचा, या निर्णयाचं. संकटाच्या वेळी कोणाला धोक्याच्या कामावर पाठवायचं हाही शेवटी असाच एक निर्णय असतो. लष्करी शिस्त प्रेमाला घाबरत नाही, ती या सहीला जपते. हे एकदा पक्कं समजलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप सुचते.

दोघं वेगवेगळ्या सेक्शनमध्ये असतील, तिची सही त्याच्या कुठल्याच कागदावर येत नसेल, दोघं अविवाहित असतील आणि ओळख सेवेत येण्याआधीची असेल, तर परिस्थिती बरीच सोपी आहे. पण एकाच रिपोर्टिंग साखळीत असतील तर लग्नाची बोलणी नंतर, आधी साखळी तोडायची. 'आम्ही ड्युटीवर काही दाखवत नाही' हा बचाव चालत नाही. बाकीच्यांना काय दिसतं यालाही शिस्तीत तेवढंच वजन असतं.

तीन परिस्थितींत मात्र माझं उत्तर पूर्ण बदलतं. पहिली, दोघांपैकी एक जण जरी विवाहित असेल तर. सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 ला भारतीय दंड संहितेचं कलम 497 रद्द केलं, त्यामुळे व्यभिचार आता गुन्हा नाही असं अनेक जवान धरून चालतात. पण 31 जानेवारी 2023 ला घटनापीठाने स्पष्ट केलं की त्या निकालाचा सशस्त्र दलांच्या कायद्यांशी संबंध नव्हता. म्हणजे दलांत अशा वागण्यावर कारवाई आजही होऊ शकते. घटस्फोटाचा खटला सुरू आहे एवढं पुरत नाही, हुकूमनामा हातात हवा. दुसरी, एक जण प्रशिक्षक आणि दुसरा प्रशिक्षणार्थी असेल तर. तिथे संमती होती की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कोर्स संपेपर्यंत अंतर राखायचं. तिसरी, मुलगा अग्निवीरवायू असेल तर. भरती होतानाच चार वर्षं लग्न न करण्याची अट मान्य केलेली असते आणि ती मोडली तर सेवेतून बाहेर. तुमचा भाऊ नियमित कॉर्पोरल आहे, म्हणून ही अट त्याला नाही.

बाबांच्या काळात हा प्रश्न जवळपास यायचाच नाही, याचंही कारण आहे. नर्सिंग आणि वैद्यकीय सेवा सोडल्या तर दलांत स्त्रिया 1992 च्या सुमारास आल्या त्या अधिकारी म्हणून. लष्कराच्या मिलिटरी पोलिसांत महिला जवानांची पहिली तुकडी बाहेर पडली ती मे 2021 मध्ये, आणि महिला अग्निवीर त्यानंतर. आता जवान मुलगी आणि अधिकारी मुलगा, जवान मुलगा आणि अधिकारी मुलगी, अशा सगळ्याच जोड्या शक्य आहेत. वायुसेनानगर आणि कामठी जवळ असल्याने आपल्या नागपुरात तर दर दोन घराआड कोणी ना कोणी दलात असतं, त्यामुळे हा प्रश्न इथे वाढतच जाणार. बाबांना सेवेचा अनुभव मोठा आहे, पण या एका बाबतीत त्यांची माहिती जुन्या दिवसांची आहे. हे त्यांना आदराने सांगा.

आता करायचं काय. सुरुवात मुलीने करावी, कारण हुद्दा तिचा मोठा. तिने आपल्या कमांडिंग ऑफिसरची (सीओंची) वेळ घेऊन समक्ष सांगावं आणि त्याच भेटीत लेखी पत्र द्यावं. त्याच दिवशी तुमच्या भावाने आपल्या सेक्शनच्या वॉरंट ऑफिसरमार्फत आपल्या सीओंच्या इंटरव्ह्यूची मागणी करावी. त्याच दिवशी, हे महत्त्वाचं. एका बाजूचं सोमवारी कळलं आणि दुसऱ्याचं गुरुवारी, तर मधले तीन दिवस कँटीनमध्ये चर्चा रंगते आणि सीओंना बातमी तिसऱ्याच्या तोंडून कळते. ती अशी कळली की तेवढ्यावरच लपवाछपवीचा शिक्का बसतो.

पत्र इंग्रजीत जाईल, पण त्यात नेमकं काय असावं ते मराठीत सांगतो. एकच पान. पहिल्या वाक्यात स्वतःचा सेवा क्रमांक, हुद्दा, युनिट. दुसऱ्यात त्याचा सेवा क्रमांक, हुद्दा, युनिट, आणि ओळख अमुक सालापासून, म्हणजे सेवेत येण्याआधीपासूनची असल्याचं. तिसऱ्यात दोघं अविवाहित आहेत आणि अमुक महिन्यात विवाहाचा विचार आहे. चौथं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं: 'सध्या ते माझ्या अधिकाराखाली नाहीत, यापुढेही त्यांच्या रजा, मूल्यांकन, ड्युटी वा शिस्तीच्या कागदावर माझी सही येऊ नये, अशी व्यवस्था व्हावी.' एकाच सेक्शनमध्ये असतील तर याच जागी बदलीची विनंती, तीही स्वतःच्या बदलीची. शेवटी, विवाहासंबंधी दलाचे सध्या लागू असलेले आदेश कोणते आणि आणखी कोणता फॉर्म भरायचा, एवढी विचारणा. अंतर्गत आदेश बदलत असतात, म्हणून ते त्या दिवशी ॲडज्युटंटकडूनच, म्हणजे युनिटचं प्रशासन पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडूनच, पाहून घ्यायचे, कोणाच्या आठवणीवर जायचं नाही.

पत्रात माफी मागू नका. माफी मागितली की काहीतरी गुन्हा घडलाय असं कागदच बोलतो. 'आमचे संबंध' असला मजकूरही नको, विवाहाचा विचार एवढंच पुरे. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. पुढे दोन वर्षांनी अधिकारी बदलले, कोणी आकसाने तक्रार केली, तर हीच पोच उपयोगी पडते.

पत्र देण्याआधी आणि दिल्यानंतरही काही पथ्यं पाळावी लागतात. त्याने ऑफिसर्स मेसकडे फिरकू नये, तिने एअरमनच्या बिलेटकडे, म्हणजे त्यांच्या राहत्या बराकींकडे. गार्डरूमच्या रजिस्टरमध्ये नाव आणि वेळ लिहिली जाते आणि चौकशीत पहिलं मागवलं जातं ते हेच रजिस्टर. भेटायचं तर स्टेशनबाहेर, साध्या कपड्यांत, सार्वजनिक जागी. सरकारी गाडी, सरकारी फोन, ड्युटीची वेळ यातलं काहीही वापरू नये. ड्युटीवर तिला 'मॅडम' म्हणायचं, सॅल्यूट चुकवायचा नाही, एकेरीत हाक मारायची नाही. आणि पैसे. ज्याच्या कागदावर तिची सही येत होती त्याने तिला फोनपेवरून अगदी वाढदिवसाच्या साडीसाठी पाच हजार पाठवले असतील, तरी ते बँकेच्या उताऱ्यावर फक्त हाताखालच्याकडून अधिकाऱ्याला गेलेली रक्कम म्हणून दिसतात. लग्नाच्या खर्चाचे व्यवहार दोघांच्या आईवडिलांच्या खात्यांतून करा.

एवढं करूनही कोणी तक्रार केली तर काय होतं? बहुधा आधी सीओ बोलावून समज देतात, कामाची जागा बदलतात किंवा एकाची बदली करतात. इथपर्यंतच्या गोष्टीला शिक्षा समजून भांडत बसू नका, खूपदा ती दोघांच्या सोयीची असते. त्यापुढे कोर्ट ऑफ इन्क्वायरी. ज्याच्या चारित्र्यावर किंवा सेवेतल्या लौकिकावर परिणाम होऊ शकतो त्याला संपूर्ण चौकशीत हजर राहण्याचा, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा आणि आपले साक्षीदार आणण्याचा हक्क आहे. हा हक्क मागावा, आणि लेखी मागावा. 'सही करून टाक, इथेच मिटवू' असं कोणी प्रेमाने सांगितलं तरी न वाचता कबुलीवर सही करू नये. फोनमधले मेसेज पुसू नयेत. पुसलेले मेसेज समोरच्याच्या फोनमध्ये असतातच आणि पुसणाऱ्यावर मात्र पुरावा नष्ट केल्याचा संशय येतो.

कोर्ट मार्शल हे टोक झालं. गुन्हा किंवा तो उघडकीला आल्याच्या तारखेपासून साधारण तीन वर्षांत खटला सुरू व्हावा लागतो. त्याआधीचा रस्ता प्रशासकीय कारवाईचा: अधिकाऱ्याला नोंद राहणारी नापसंती, एअरमनला सेवेच्या कागदांत लाल शाईची, म्हणजे गंभीर शिक्षेची, नोंद, आणि फारच गंभीर वाटलं तर एअर फोर्स ॲक्टच्या कलम 19 किंवा 20 खाली सेवा संपवण्यासाठी कारणे दाखवा नोटीस. त्या नोटिशीचं उत्तर घाईत, भावनेच्या भरात लिहून देऊ नका. आरोपाच्या प्रत्येक वाक्याला तारीख आणि कागद जोडून उत्तर द्या. पोच घेतलेलं पत्र तिथे पहिल्या क्रमांकाला लावा. निर्णय विरोधात गेला तर एअरमनला कलम 26 आणि अधिकाऱ्याला कलम 27 खाली दाद मागता येते. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी ते मुंबईला आहे आणि अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. आधी खात्यातली दाद मागितलेली नसेल तर न्यायाधिकरण सहसा अर्ज घेत नाही. त्याच्याही आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

निव्वळ लग्न केलं म्हणून नोकरी जाऊ शकते का, या तुमच्या भीतीबद्दल एक निकाल लक्षात ठेवा. लष्करी नर्सिंग सेवेतल्या एका अधिकारी महिलेला 1988 मध्ये लग्न केल्याच्या कारणावरून सेवेतून काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये ते चुकीचं ठरवलं, तो नियम उघड मनमानी असल्याचं म्हटलं आणि 60 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. प्रकरण हुद्द्यांच्या फरकाचं नव्हतं, तेव्हा जसंच्या तसं लावू नका. पण लग्न हा आपोआप गैरवर्तनाचा पुरावा होत नाही, हे त्यातून बाबांना दाखवता येईल.

लग्नानंतरचा संसारही आधीच बोलून घ्या. अधिकाऱ्याला मिळालेल्या क्वार्टरमध्ये नवरा म्हणून तो राहील, पण त्यामुळे तो मेसचा सदस्य होत नाही. मेसच्या कार्यक्रमांना त्याने कसं यायचं हे पीएमसींना, म्हणजे मेस समितीच्या अध्यक्षांना, आधी विचारावं, दारात प्रसंग नको. एकाच ठिकाणी एकाला सरकारी घर मिळालं की दुसऱ्याचा घरभाडे भत्ता बंद होतो. तो आपणहून कळवला नाही तर पुढे वसुली निघते. विवाहाची नोंद दोघांच्याही पीओआरमध्ये, म्हणजे सेवेच्या अधिकृत नोंदीत, लागली पाहिजे, एकाच्याच नाही. ती लागली की गट विम्याचं आणि भविष्य निर्वाह निधीचं नामनिर्देशन बदलता येतं: तिच्या निधीचं नाव डीसॉप (अधिकाऱ्यांचा), त्याच्या निधीचं एएफपीपी (जवानांचा). दोघांना एकत्र पोस्टिंग मिळावं अशी विनंती करता येते, पण तो हक्क नाही. आणि हुद्द्यांच्या फरकामुळे छोट्या स्टेशनवर, जिथे सगळ्या साखळ्या एकाच टेबलाशी येऊन मिळतात, ते कठीणच जातं. लग्नानंतर काही वर्षं वेगळं राहावं लागेल हे धरून चाला. भाऊ अंतर्गत कमिशनसाठी, म्हणजे सेवेत राहूनच अधिकारी होण्यासाठी, तयारी करणार असेल तर जरूर करावी, पण लग्न त्याच्यासाठी थांबवायला हवं असं कायद्यात काही नाही.

राहिली लग्नाची नोंदणी. हिंदू किंवा बौद्ध पद्धतीने नागपुरातच लग्न लावणार असाल तर दोन्ही हिंदू विवाह कायद्यातच येतात. महापालिकेच्या झोन कार्यालयात 90 दिवसांच्या आत नोंदणी करा, तीन साक्षीदार लागतात. धर्म वेगळे असतील किंवा थेट नोंदणीच करायची असेल तर विशेष विवाह कायदा. त्यात दोघांपैकी एकाने नोटिशीआधी सलग 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं, म्हणून नोटीस नागपूरला न देता स्टेशन ज्या जिल्ह्यात आहे तिथे देणं सोपं. नोटिशीनंतर 30 दिवस थांबायचं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं पाहिजे. ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, तेव्हा सीओंना पत्र आधी, नोटीस नंतर. रजा दोघांनी आपापल्या साखळीतून, वेगवेगळी मागावी. नोटिशीच्या दिवशी एक कॅज्युअल, आणि लग्नासाठी वार्षिक रजेतले पंधरा-वीस दिवस. तारीख ठरवताना सणाच्या आसपासचे दिवस सोडा, म्हणजे त्याच्या सेक्शनमधल्या बाकी चौघांच्या रजेला धक्का लागणार नाही.